देव्हाऱ्यातली बाटली

आवं नगा, नगा, बसा तुमी. मी हितं खालीच बरी हाय — न्हाई वो, बाकड्यावर जागा हाय ते दिसतंया मला, पर पाय लोंबकळत ठिवलं की गुडघं धरत्यात माजं. आन् ही फरशी कशी गार लागती. तुमचं लुगडं चांगलं दिसतंया, उगं माज्या धुरकटल्याल्या लुगड्याला कशाला लावून घेता? वाईच पलीकडं सरका. आजून जरासं. हां, असं. राग नगा धरू, बाई. मला आपली मोकळी बसायची सवं हाय. घरात बी मी कुणाला खेटून बसत न्हाई — म्हंजी आता बसत न्हाई.

त्यो बगा, खिडकीपाशी उबा हाय, पटकेवाला, मिशीवाला — त्यो माजा ल्योक, आकाराम. पाटणच्या अलीकडं आमचं गाव. काल मोटारीनं कराडला आलो, पावण्याच्यात टेकलो आन् आज आगगाडीनं सांगली. लढाईला गेल्ता त्यो, पार इटलीपतूर. गोऱ्या सायबाशी बोलायचा तिकडं, मंग हितल्या डाक्तराशी बोलायचं काम बी त्येचंच की. डाक्तर मराठीच बोलत्यात वो, आपल्यावाणी, जरा शुद्ध एवढंच. पर मी पदर तोंडावर घिऊन बसती, मंग ते बिचारं ह्येलाच इचारत्यात. आईला भूक लागते का, आईला झोप येते का. आन् ह्यो सांगतुया, व्हय साहेब, न्हाई साहेब. जनावराच्या दवाखान्यात असंच असतंया. धन्याला इचारत्यात, म्हस वैरण खाती का, रवंथ करती का. म्हशीला कोण इचारतंय. — हसला व्हय? हसा. मला बी हसू येतंया. पर आज हसायची येळ न्हाई, आज जीव नुसता उडतोय. आत गेलं की इचारणार ते. तेच इचारणार.

तुमी कुणासंगं आलाय? सासूबाई आत हायत? डोळं दावायला. बरं, बरं, डोळ्याचं बरं असतंया, कुणालाबी सांगता येतं. कुटलं गाव म्हणाला, कुपवाड? मंग हितंच की. जैनाच्या न्हवं तुमी? व्हय, बोलण्यावरनं वाटलंच, आमच्या वळकीतलं एक रामगोंडा आण्णा गुळाला यायचं, ते असंच बोलायचं. तुमच्यात लय पाळत्यात, ठावं हाय मला, पाणी सुदीक गाळून घेता. आमच्यात येवढं नसतंया, पर माज्या घरात मी पाळायला लावलं. सून भाईरची असली की गोठ्याच्या वळचणीला बसायचं, चुलीकडं यायचं न्हाई, देव्हाऱ्याकडं तर सावली बी पडू द्यायची न्हाई. मीच केल्याला नेम, आन् लय कडक. — तुमाला एक इचारू का? राग न्हाई न्हवं यायचा? बाई भाईरची असली, आन् तिचं औषध देवापाशी ठिवल्यालं असलं, तर तिनं काय करायचं? तुमच्यात काय करत्यात? न्हाई, माज्या सुनंचं इचारतीया, अंजनाचं. तिला जरा — म्हंजी तिचं औषध देव्हाऱ्यात हाय, जोतिबाच्या टाकापाशी, आन् तिला ते थांबंनाच झालंय, तर ती शिवंल कशी त्या बाटलीला?

दुसऱ्या कुणी काढून द्यायचं म्हणता. व्हय. सोपं हाय की. पर त्या दुसऱ्याला कळलंच न्हाई पायजे, असं असलं मंग?

अंजनाला काय झालं न्हाई, बाई. अंजना घरी धडधाकट हाय. तिचं नाव उगंच घ्यातलं म्या. गरीब पोर हाय ती, तिच्या नावावर कशाला ढकलू. — असं बगू नगा माज्याकडं. पांढरं केस हायत माजं, म्हाईत हाय. नातू पाटी घिऊन शाळंत जायला लागला. म्हणून तर हितं खाली बसलीया. गुडघं बिडघं काय दुखत न्हाईत. तुमाला शिवू नये, आन् बाकड्याला डाग पडू नये म्हणून बसलीया.

आता सांगितलंच हाय तर ऐका. तुमी वळकीच्या न्हाई, परत गाठ पडायची न्हाई, तवा बोलवतंय तरी. मला हितं, डाव्या अंगाला, गाठ आली. हुलग्यायेवढी हुती तवाच हाताला लागली, पर दुखत न्हवती, आन् न दुखणाऱ्या गोष्टीचा बोभाटा कोण करतंय? चोळीच्या आत काय झालंय ते सांगायचं तरी कुणाला? माजं मालक गेलं तवा आकाराम पाळण्यात हुता. तवापास्नं मी एकली. दीर भाऊसो बाजूच्याच सोप्याला, पर उंबरा वलांडून कवा आत आलं न्हाईत, आन् मी येऊ दिलं न्हाई. तरण्यापणी रांडाव झाल्याली बाई, गाव कसं टपून असतंया तुमाला काय सांगू. पर एका माणसानं माज्याकडं बोट दावलं न्हाई बगा. जमीन बटईला दिली, म्हस पाळली, पोराला वाढवलं, पलटनीत धाडलं, लगीन केलं. नाव धुतल्याल्या तांब्यावाणी ठिवलं. तेवढंच माजं हाय, दुसरं काय हाय माज्यापाशी.

तर ती गाठ फुगली, वरची कातडी लिंबाच्या सालीवाणी झाली, चोळीला डाग पडाय लागला, तवा अंजनानं वळखलं आन् नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं मला आणलं हितं. हितंच कापली. आकारामच म्हणाला डाक्तरास्नी, आईच्या छातीत गाठ हाय — आन् म्हणताना भिताडाकडं बगत हुता. बंदुकीच्या गोळ्या चुकवून आल्यालं पोरगं, येवढं म्हणताना त्येला घाम फुटला. मला वाटलं जिमीन फाटावी. ज्या पोरानं ते प्यालं, त्येनंच सांगायचं. — असू द्या. कापलं, वाळलं, वरीसभर बरं गेलं. मंग त्याच जागंवर बारीक बारीक गाठी परत उठल्या. हात बी सुजला, ह्यो बगा, बांगडी असती तर रुतली असती.

तवा डाक्तर म्हणालं, आता नवीन गोळ्या निगाल्यात, विलायतेस्नं येत्यात, बाईच्या अंगात जे असतंया तसलंच काय तरी त्यात असतंया, रोज घ्यायच्या, एक दिस चुकवायचा न्हाई. आन् आणीक एक म्हणालं. हळू आवाजात आकारामाला म्हणालं, आईंना नीट समजावून सांगा, अंगावरून जाऊ लागलं तर लगेच यायचं. कधी गोळीनंच जातं, त्याला भ्यायचं नाही. पण कधी हा रोग पिशवीला धरतो. दोन्हीतलं कोणतं ते तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून लपवायचं नाही. — आता त्यो काय समजावून सांगतोय? कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्येच्या. व्हय साहेब म्हणाला, आन् भाईर येऊन मला म्हणतोय, आई, गोळ्या रोज घ्यायच्या. झालं. पर मी तितंच हुते न्हवं वो. मला समदं ऐकू येतंया. छाती कापली, कान न्हाई कापलं माजं.

गोळ्यांची बाटली मी देव्हाऱ्यात ठिवली. मीच. तपकिरी काचंची हाय, बाटलीत किती हायत ते भाईरनं दिसत न्हाई. जोतिबाच्या टाकापाशी ठिवली, गुलाल लावला तिला. सकाळी अंगूळ करायची, देवाला हात जोडायचं आन् गोळी घ्यायची. मनात म्हणायचं, डाक्तराची अर्धी, तुजी अर्धी. आन् गुण आला बगा. गाठी वाळल्या. आकाराम गावभर सांगत सुटला, माज्या आईला विलायती औषध लागू पडलं.

मंग एक दिस ते आलं.

कवाच बंद झाल्यालं, बाई. आकारामाच्या लग्नाच्या आदीच बंद झालं हुतं. आन् परत आलं. मी आपली चुलीपाशी बसल्याली, उठले तर — मला आदी कळंचना. मंग कळलं. खोटं कशाला बोलू तुमाला? मला भ्या न्हाई वाटलं. डाक्तर म्हणालं हुतं न्हवं, गोळीनं जातंया म्हणून. मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. एक बाजू सपाट झाल्याली, चोळीत चिंधी कोंबून चार बायकांत बसायचं, आन् त्यात हे. वाटलं, समदंच न्हाई गेलं, कायतरी आजून ऱ्हायलंय. पन्नाशी कवाच उलटल्याली रांडाव बाई, आन् ह्येचं तिला बरं वाटतंया. ह्यो इचार मी जोतिबाला सुदीक कळू दिला न्हाई. तुमाला कसा काय सांगितला, कुणाला ठावं.

पर नेम तर नेम हाय. भाईरची बाई देव्हाऱ्याला कशी शिवंल? लोकास्नी मी फसवलं — हात सुजलाय, चुलीपाशी बसवत न्हाई म्हणून अंजनाला सांगितलं, भर दुपारी समदी रानात असताना वढ्याला जाऊन धुणं धुतलं. पर देवाला कसं फसवू? तवा बाटलीला शिवले न्हाई. चौथ्या दिसाच्या पुढं न्हाले, पुन्हा गोळी सुरू. पुन्हा काय दिसांनी आलं, पुन्हा बंद. अशी रीतच पडली. मला वाटलं हे असंच चालायचं, तरण्या बाईवाणी. कुणाला इचारायची बी गरज वाटली न्हाई.

आन् दिवाळीला आलं ते गेलंच न्हाई.

आज जाईल, उद्या जाईल. ते थांबल्याबिगर न्हाता येईना, न्हाल्याबिगर देवाला शिवता येईना, आन् बाटली तर तितं. रोज सकाळी उंबऱ्यातनं बगायची मी तिच्याकडं. संक्रांत गेली. अंजनाला वाटतंया सासू गोळी घेती, आकारामाला वाटतंया आई गोळी घेती. येकदा त्यो म्हणाला, आई, संपल्या असतील, नवीन आणू का, तर मी म्हणाले हायत आजून. खोटं न्हवतंच ते. हायतच की. दिवाळीपास्नं बाटली हाय तशी हाय.

अंजनाला सांगायचं म्हणता? आवं, सांगितलं असतं. सांगणारच हुते. पर त्याच्या आदी म्या बनुबाईला दावलं. बनुबाई सुईण, आमच्या आळीचीच, माजा आकाराम तिच्याच हातावर झाला. म्हटलं ती जाणती हाय, पोटात जड वाटतंया त्येचं काय ते सांगंल. तिला परड्यात नेली, आडवी झाले. तिनं बेंबीच्या खाली हात ठिवला, दाबला, पुन्हा दाबला. तिच्या हाताला कायतरी लागलं. मला बी कळलं की लागलं. आन् तिनं आजूबाजूला बगितलं, माज्या कानाशी वाकली आन् हळूच म्हणाली — कुणाचं?

कुणाचं म्हणाली ती मला.

मला आदी उमजंचना. मी म्हटलं, काय कुणाचं? तर म्हणती, मला सांगायला लाजू नगंस, काय घ्यातलंस पाडायला, पुरतं पडलं न्हाई वाटतं, म्हणून जातंया. अशी बोलली. येवढी वरसं जपल्यालं नाव, आन् जिनं मला बाळंत केली तिच्या तोंडातनं असं निगालं. माजी उमर काय, ती इचारती काय. चांगली थोबडात द्यायला पायजे हुती तिच्या. म्या काय केलं सांगू? म्या पदर सारखा केला आन् म्हणाले, कुणाला बोलू नगंस बनुबाई. — आता असं म्हटल्यावर तिनं काय समजायचं? व्हयच समजली आसंल ती. मीच कबूल केल्यासारखं झालं की. शब्द तोंडातनं गेल्यावर कळलं मला. तवापास्नं पाणवठ्यावर दोन बायका हळू बोलल्या तरी मी आल्या पावली माघारी फिरतीया. भाऊसो परवा सोप्यातनं जाताना खाकरलं, तर मला वाटलं माज्यावरच खाकरलं. त्यांचंच नाव घेतील लोकं, दुसरं कुणाचं घेणार? देवमाणूस हाय त्यो.

 

आता कळलं न्हवं तुमाला, मी का भ्याले ते? आज डाक्तर इचारणार, अंगावरून जातं का. आन् इचारणार आकारामाला. मागल्या खेपंला बी इचारलं. ह्यो माज्याकडं न बगताच म्हणाला, न्हाई साहेब. त्येला काय ठावं? पर इचारायची लाज वाटली त्येला, आन् मला सांगायची. दोगं मायलेकरं लाजून गप बसलो, आन् आत ते वाढतंया. डाक्तर म्हणालं हुतं, पिशवीला धरतो. आता धरलंय. मला कुणी सांगाय नगं, बनुबाईच्या हाताला लागलं ते पोर न्हवं आन् गोळीचं काम बी न्हवं. मी मरायला भीत न्हाई असं म्हणणार हुते, पर ते बी खोटं. मला जगायचं हाय. अंजनाला परत दिस गेल्यात. ते लेकरू बगायचं हाय मला. — पर पोराच्या तोंडावर कसं सांगू, तुजी आई अशी अशी हाय? त्येच्या मनात बनुबाईसारखंच आलं तर? एक क्षणभर जरी आलं तरी मी मेले.

आन् बाटली त्येच्या पिशवीत हाय. काल घरातनं निगताना त्येनंच देव्हाऱ्यातनं उचलली, फडक्यात गुंडाळून ठिवली. आत गेल्यावर डाक्तर बाटली मागणार. उगडली की झालं. मी न्हाई सांगितलं तरी ती सांगणार.

बाई, तुमी याल का माज्यासंगं आत? बाईमाणसानं सांगितल्यालं बरं दिसतंया. तुमी शिकल्याल्या दिसताय. जास्त काय बोलू नगा, येवढंच म्हणा — दिवाळीपास्नं थांबत न्हाई, आन् पोटात हाताला लागतंया. माजं नाव सुदीक घिऊ नगा. आकारामाला मी कायतरी सांगून भाईर ठिवीन. पाणी आणाय धाडीन. याल न्हवं?

आवं — आवं, काय करताय? खाली कशाला उतरताय, फरशी घाण हाय, लुगडं मळंल — सरा, सरा, शिवाल मला — शिवला की वो. शिवलाच. आता काय करायचं? तुमाला घरी जाऊन डोक्यावरनं न्हावं लागंल, आन् ह्या थंडीचं — सासूबाईस्नी काय सांगाल? सोडा हात. सुजल्याला हाय, तुमाला किळस यील. — सोडा म्हणतीया न्हवं. 

बरं, असू द्या. धरा जरा. दिवाळीपास्नं मी कुणाला हात लावला न्हाई, नातवाला बी न्हाई. त्यो गळ्यात पडाय आला की मी ढकलायची त्येला, आजी पारोशी हाय म्हणून. रडायचं ते लेकरू. — न्हाई, मी रडत न्हाई. डोळ्यात गेलंय कायतरी.

ह्या काय, आल्या वाटतं तुमच्या सासूबाई? डोळ्याला पट्टी बांधलीया त्यास्नी, दारात चाचपडत्यात बगा. जावा तुमी, धरा त्यास्नी, पायरी हाय तितं. — न्हाई न्हाई, त्यास्नी एकटं कसं सोडाल? माजं काय, माजं बगते मी. खरंच जावा. तुमचं नाव तरी सांगा. गुणमाला? चांगलं हाय. जावा, गुणमालाबाई. आन् न्हावा बरं का घरी गेल्यावर, इसरू नगा.

काय रं? आतनं हाक मारली? ऐकली मी, भैरी न्हाई मी. — त्या बाई व्हय, कुपवाडच्या हायत, सासूचं डोळं दावाय आलत्या. कायबाय बोलत बसलो. — थांब. पिशवी खाली ठिव आदी. त्यातली बाटली काढ. काढ म्हणतीया न्हवं. आन् दे माज्या हातात. — हातात दे, खाली ठिवू नगंस. आन् देवाचं माजं मी बगीन.

आता तू ह्या बाकड्यावर बस. न्हाई, तू न्हाई यायचं. डाक्तरास्नी जे सांगायचं ते मी सांगीन. येतंया मला बोलायला, तुला मीच शिकवलंय. — का म्हणून इचारू नगंस आकाराम. मागनं सांगीन, न्हाईतर डाक्तर सांगतील. 

बसलास? आता तिकडं भिताडाकडं तोंड कर. मला उठायचं हाय.